नाशिकमधील औद्योगिक कामगारांचे प्रशिक्षण : वय आणि लिंगभाव

कामगाराचा प्रशिक्षणातील सहभाग हा साधारणतः त्याच्या इच्छेचा प्रश्न मानला जातो. सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींचा विचार करता तो आधी नियमांचा आणि पाळ्यांचा प्रश्न ठरतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

नाशिकच्या कारखान्यांना कुशल कामगार मिळाला तो प्रामुख्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ यांच्या वाटेने. फिटर, टर्नर, मशिनिस्ट या व्यवसायांचा प्रशिक्षणार्थी अठरा-वीस वर्षांचा आणि बहुधा मुलगाच असतो. ही व्यवस्था नोकरीच्या उंबरठ्यावर शिकवते. पुढची तीस-पस्तीस वर्षे तिच्या हिशेबात नाहीत. साध्या लेथवर हात बसलेल्या पंचेचाळिशीच्या कामगारापुढे सीएनसी यंत्र आले की, त्याला शिकवण्यापेक्षा नवा मुलगा घेणे व्यवस्थापनास स्वस्त वाटते. त्याच्या सेवेची उरलेली वर्षे मोजली जातात, धातूची जाण मोजली जात नाही.

शासकीय दृष्टीही तरुणांवरच खिळलेली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २००४-०५ मध्ये १५ ते २९ वयोगटातील सुमारे २ टक्के व्यक्तींनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतले होते. २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत हे प्रमाण ४.४ टक्के होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची वयोमर्यादा १८ ते ३५ वर्षे ठेवण्यात आली.

स्त्री कामगाराची अडचण याहून गुंतागुंतीची आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच काम देता येत असे. राज्य शासनास सवलतीचा अधिकार होता, पण रात्री १० ते पहाटे ५ हा काळ वर्ज्यच होता. हेतू संरक्षणाचा होता. परंतु तीन पाळ्यांत चालणारे महागडे यंत्र, रात्रपाळी करू न शकणाऱ्या व्यक्तीस कोण शिकवील? परिणामी जुळणी, तपासणी, पॅकिंग अशी चार दिवसांत शिकता येणारी कामे स्त्रियांकडे आली आणि मग तीच ‘अकुशल’ म्हणून कमी वेतनाची ठरली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या श्रम संहितेनुसार स्त्रीच्या संमतीने, सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी देता येते. घरचा स्वयंपाक मात्र संहितेच्या कक्षेबाहेरच राहतो.

येथे वय व लिंगभाव एकमेकांत मिसळतात. विशीत लग्न आणि मुले यांमुळे शिकणे राहून गेलेल्या स्त्रीला थोडी सवड मिळते ती पस्तिशीनंतर. नेमकी तेव्हाच योजनांची दारे बंद होतात. १९८९ मध्ये नाशिकमध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने वयाची व औपचारिक शिक्षणाची अट सैल केली, हे मोठेच कार्य होय; पण यंत्र पुस्तकावर शिकता येत नाही.

महाविद्यालयांनी या वसाहतींत पाहणी हाती घेतल्यास ‘प्रशिक्षण घेतले काय?’ एवढ्यावर थांबू नये. ते पाळीच्या वेळेत झाले की सुटीनंतर, आणि त्या तासांचे वेतन मिळाले काय, हेही वय व लिंगनिहाय नोंदवावे. पाळी सुटल्यावर भरणाऱ्या वर्गात कोण बसू शकत नाही, ते या दोन रकान्यांतून कळेल.