माप आणि मोजणी

धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत जुन्या घरांतील मंडळींना ठाऊक असेल. माप रिते होई, त्याच क्षणी आकडाही उच्चारला जाई. माप एकाच्या हाती आणि मोजणी दुसऱ्याच्या लक्षात, असे झाले की घोटाळा ठरलेलाच!

संगणकाला सूचना देतानाही हाच प्रश्न उभा राहतो. समजा, एखाद्या मंडळाच्या दोनशे सभासदांची यादी त्याच्याकडून तपासून घ्यावयाची आहे. एकेक ओळ घेऊन तो तीच क्रिया पुन्हा पुन्हा करतो. या आवर्तनाला ‘लूप’ म्हणतात. आपण कितव्या ओळीवर आहोत, हे कळावे म्हणून नवशिका प्रोग्रामर एक निराळा आकडा ठेवतो आणि प्रत्येक फेरीच्या अखेरीस त्यात एक मिळवतो. परंतु मध्येच एखादी रिकामी ओळ आली आणि ती वगळून संगणक थेट पुढच्या फेरीस गेला, तर ती मिळवणी राहून जाते. मग चूक अठराव्या ओळीत असता बोट सतराव्या ओळीकडे दाखविले जाते आणि भलत्याच सभासदाची बिनचूक नोंद ‘दुरुस्त’ होते. यंत्र मात्र तक्रारीचा शब्दही काढीत नाही.

नेदरलँड्सचे गिडो व्हान रॉसम यांची पायथन ही भाषा १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या २००३ मधील २.३ या आवृत्तीत ‘एन्युमरेट’ ही सोय आली. ती प्रत्येक फेरीत क्रमांक व वस्तू यांची जोडीच हाती देते. ओळ वगळली तरी तिचा क्रमांक तिच्याबरोबरच जातो. पुढच्यांचे क्रमांक ढळत नाहीत.

एक गोष्ट मात्र ध्यानी ठेवावी. ही मोजणी शून्यापासून सुरू होते. तळमजल्यानंतर पहिला मजला यावा, तसेच हे. एड्स्खर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९८२ साली एका टिपणात शून्यारंभाचा सयुक्तिक पुरस्कार केला होता. तथापि, घरगुती यादीत ‘शून्यावा सभासद’ कोणास रुचणार? २००८ च्या २.६ आवृत्तीपासून आरंभीचा आकडा आपणच सांगू शकतो. तो ‘एक’ सांगावा.

लक्षात ठेवण्याचे ओझे जेथे साधनावर सोपविता येते, तेथे ते अवश्य सोपवावे. मात्र मोजणी कोठून सुरू करावयाची, हे ठरविणे माणसाकडेच राहते.