दहा अंकांचे तेरा होताना

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातून दोन पुस्तके काढा. एक २००७ सालापूर्वी छापलेले आणि एक अलीकडचे. दोन्ही उलटी करून मलपृष्ठ पाहा. ‘आय.एस.बी.एन.’ या अक्षरांपुढे जुन्या पुस्तकावर बहुधा दहा अंक असतील, नव्यावर तेरा. (पुष्कळ जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांकच नसतो. तसे निघाले तर दुसरे पुस्तक घ्या.)

आता समजा, ग्रंथालयाच्या सगळ्या नोंदी जुन्या संगणक प्रणालीतून नव्या प्रणालीत न्यायच्या आहेत आणि नवी प्रणाली फक्त तेरा अंकी क्रमांक ओळखते. ग्रंथपालबाईंनी हे काम तुमच्यावर सोपवले. नव्या पुस्तकांचे क्रमांक ९७८ ने सुरू होतात, हे तुम्ही हेरले आणि साऱ्या जुन्या क्रमांकांपुढे ९७८ लावून मोकळे झालात. दहा आणि तीन तेरा! पण प्रणालीने बहुतेक नोंदी परत पाठवल्या. असे का झाले?

गोम शेवटच्या अंकात आहे. हा अंक पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही. आधीचे अंक नीट लिहिले गेले की नाही, हे तपासण्यासाठी तो असतो. म्हणून त्याला तपास-अंक म्हणू. नमुन्यादाखल ८११२३४५६७८ हा क्रमांक घेऊ. आरंभीचे ८१ म्हणजे भारत. पुढे आपल्याला ९३ हाही आकडा मिळाला. पहिल्या अंकाला १० ने, दुसऱ्याला ९ ने, असे उतरत जाऊन शेवटच्याला १ ने गुणा आणि बेरीज करा. ती २०९ येते, म्हणजे ११ गुणिले १९. बेरजेला ११ ने नि:शेष भाग गेला की क्रमांक बरोबर.

अकराच का? कारण ११ ही मूळ संख्या आहे. एक अंक चुकला तर बेरजेत पडणारा फरक म्हणजे ‘अंकांतील फरक गुणिले त्या जागेचा गुणक’. या दोन्ही संख्या ११ पेक्षा लहान, त्यामुळे त्यांच्या गुणाकाराला ११ ने भाग जाणे शक्यच नाही. चूक पकडली जाते! मात्र बाकी ० ते १० अशा अकरा तऱ्हांची येऊ शकते आणि अंक तर दहाच. म्हणून तपास-अंक १० आला की त्या जागी रोमन दहा, म्हणजे ‘एक्स’ हे अक्षर छापत.

या क्रमांकाचा जन्मही संगणकामुळेच झाला. डब्ल्यू. एच. स्मिथ या ब्रिटिश पुस्तकविक्रेत्यांना आपले कोठार संगणकावर चालवायचे होते. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ गॉर्डन फॉस्टर यांनी १९६६ साली नऊ अंकी क्रमांक सुचवला. १९७० साली त्याचे आंतरराष्ट्रीय मानक झाले तेव्हा अंक दहा झाले. तेव्हा जुन्या क्रमांकांपुढे फक्त शून्य लावले आणि काम भागले! शून्याला १० ने गुणले तरी शून्यच, बेरीज बदलत नाही, म्हणून तपास-अंकही तोच राहिला. वडीलधाऱ्यांनी केलेली ही तजवीज मला फार आवडते.

२००७ च्या १ जानेवारीला मात्र तसे नव्हते. दुकानातल्या बहुतेक वस्तूंवरील बारकोड तेरा अंकी असतो आणि त्याचे आरंभीचे अंक देशाचे असतात, भारताचे ८९०. पुस्तकांसाठी ९७८ हा जणू एक काल्पनिक देशच राखून ठेवला होता. क्रमांक अपुरे पडू लागल्यावर पुस्तकांनी बारकोडचीच रीत स्वीकारली, आणि ती वेगळी आहे. तिच्यात अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणतात व बेरजेला १० ने भाग जावा लागतो.

तेव्हा आपल्या नमुन्याचा शेवटचा ८ काढून टाकू आणि पुढे ९७८ लावू : ९७८८११२३४५६७. यांची १ आणि ३ ने गुणून केलेली बेरीज १२३. तिला १३० करायला ७ हवेत. म्हणून नवा क्रमांक ९७८८११२३४५६७७. तुमच्या शेवटी ८ राहिला होता, तिथेच घोटाळा झाला.

या अदलाबदलीत ‘एक्स’ गेला, पण थोडी ताकदही गेली. १६ च्या जागी ६१ लिहून पाहा. १ आणि ६ ना अनुक्रमे १ व ३ ने गुणले तर १९, उलट लिहिले तर ९. फरक बरोबर १०, म्हणून नवी रीत फसते. शेजारच्या दोन अंकांत ५ चा फरक असला की असे होते. जुन्या रीतीत शेजारी अंकांची अदलाबदल कधीच सुटत नसे.

आणखी एक खड्डा आहे. इंग्रजी पुस्तकांचे पुष्कळ क्रमांक शून्याने सुरू होतात. संगणकाच्या तक्त्यात ते ‘संख्या’ म्हणून भरले की आरंभीचे शून्य गळते आणि दहाचे नऊच उरतात. म्हणून ते ‘मजकूर’ म्हणून भरावेत. ‘एक्स’ असलेले क्रमांक तर मजकुरातच बसतात.

उलट दिशेने जायचे असेल तर आधी आरंभ पाहा. फ्रान्स, कोरिया अशा देशांतील काही पुस्तके आता ९७९ ने सुरू होतात. त्यांना दहा अंकी जुने रूपच नाही. पहिले तीन अंक सरसकट छाटले, तर एखाद्या कोरियन पुस्तकाची नोंद भलत्याच पुस्तकाच्या नावावर जाऊ शकते.

आणि ग्रंथपालबाईंना सांगा, जुना क्रमांक वेगळ्या रकान्यात राहू द्या. फळीवरच्या पुस्तकावर अजून तोच छापलेला आहे.