पायातले कर्ज

इमारतीचे कौतुक आपण मान वर करून करतो. जमिनीखाली काय गाडले गेले, हे कुणी विचारत नाही. तळघर खणताना बाजूची माती ढासळू नये म्हणून पन्हळीच्या आकाराच्या, एकमेकींत अडकणाऱ्या पोलादी पट्ट्या जमिनीत ठोकतात. या शीट पाइल्स. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात ट्रिग्वे लार्सन या अभियंत्याने १९०२ साली त्यांना आजचे रूप दिले.

बँकेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला कुठल्याही गोष्टीत आधी जमाखर्च दिसतो. १ टन पोलाद घडवताना, जगाच्या सरासरीने, जवळजवळ २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे निसर्गाकडून काढलेले कर्जच! मात्र काम संपले की या पट्ट्या उपसून दुसरीकडे ठोकता येतात. अगदीच वाकल्या, तरी भंगार वितळवून नवे पोलाद होते आणि खनिजापासून बनवण्यापेक्षा त्यात प्रदूषण बरेच कमी. काँक्रीटची भिंत एकदा ओतली की ओतली.

म्हणजे पोलादाची सारी पत परतफेडीवर आहे. गरज संपूनही केवळ उपसण्याचा खर्च वाचवायला ते जमिनीत सोडून दिले, तर कर्ज बुडीत खाती गेले म्हणायचे. ठोकण्याच्या दणक्यांनी शेजाऱ्यांची झोप उडते, तीही खर्चाच्याच रकान्यात. जपानमध्ये दणका न देता पाइल दाबून बसवणारे यंत्र १९७५ सालीच निघाले.

फ्लॅट घेताना आपण फरशीचा रंग विचारतो. तळघरासाठी ठोकलेले पोलाद परत निघाले का, हेही एकदा विचारून पाहावे.