शिक्षा सुनावली, आता अपील कुठे करायचं?

समजा, खापरमधल्या एकाला मारहाणीच्या खटल्यात अक्कलकुव्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी सहा महिन्यांची कैद सुनावली. घरचे लगेच म्हणतात, 'हायकोर्टात जाऊ!' पण पहिलं अपील सत्र न्यायालयात होतं, तेही ३० दिवसांत. औरंगाबाद खंडपीठाचा नंबर त्यानंतर.

मग त्याच दिवशी तुरुंगात जायचं का? आरोपी आधीपासून जामिनावर असेल, शिक्षा ३ वर्षांपर्यंतची असेल आणि अपील करायचं आहे असं त्याने तिथेच सांगितलं, तर शिक्षा देणारं न्यायालयच अपील दाखल होईपर्यंत जामीन देऊ शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३० (जुनं ३८९) वकिलाला आठवणीने सांगा. कैद झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.

'अपील केलं तर शिक्षा वाढेल' ही भीती इंग्लंडमध्ये खरी आहे. तिथे क्राऊन कोर्ट प्रकरण नव्याने ऐकतं आणि शिक्षा वाढवूही शकतं. आपल्याकडे आरोपीच्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही, त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं.

खरा धोका वेगळाच. तारखांना कंटाळून काही जण 'गुन्हा कबूल' म्हणून मोकळे होतात. मग 'मी निर्दोष आहे' असं अपील करता येत नाही. शिक्षा जास्त किंवा बेकायदेशीर आहे, एवढंच मांडता येतं.

आणि वकिलाची फी? अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन लावा.