आज रात्रीचा अलार्म तुमचा!

आजोबांना पक्षाघात झाला, की येणारा-जाणारा त्यांची तब्येत विचारतो. पण पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रभर दर २ तासांनी त्यांची कूस बदलणाऱ्या आईला कोण विचारतं? मग आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही घ्या. अलार्म तुमच्या फोनवर लावा, तिला झोपू द्या. कसं वळवायचं, कसं बसवायचं, ते डिस्चार्जआधीच वॉर्डातल्या सिस्टरकडून शिका. अख्खा वॉर्ड सांभाळून त्या शिकवतात. एक ‘थँक यू’ तर हवंच! आणि हो, आजोबांना शब्द सापडत नसले, तरी बरंच समजत असतं. त्यांच्यादेखत ‘यांना काय कळतंय’ म्हणू नका. मान हलवून हो-नाही सांगता येईल असं विचारा. मग घाई न करता थांबा.