विश्लेषण : गाण्यासाठी उजवा मेंदू, बोलण्यासाठी डावा? अपस्माराच्या रुग्णांमुळे काय कळले?

‘डावा मेंदू हिशेबाचा, उजवा कलेचा’ हा मेसेज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी येतोच. मेंदूचे काम इतके सरळ वाटलेले नाही. तरी संगीतापुरते त्यात थोडे तथ्य आहे आणि ते समोर आले ते मुख्यतः अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या रुग्णांमुळे.

औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी कधी कधी शस्त्रक्रिया करून फिट जिथून सुरू होते तो भाग काढतात. ती जागा नेमकी सापडावी म्हणून काही रुग्णांच्या मेंदूवर थेट इलेक्ट्रोड बसवून काही दिवस नोंदी घेतल्या जातात. निरोगी माणसाच्या कवटीत संशोधनासाठी कोणी तारा घालणार नाही. त्यामुळे रुग्णांच्या संमतीने मिळणारा हा डेटा मौल्यवान ठरतो.

पिंक फ्लॉइडचे गाणे मेंदूतून कसे काढले?

न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे अशा २९ रुग्णांना पिंक फ्लॉइडचे ‘अनदर ब्रिक इन द वॉल, पार्ट वन’ ऐकवण्यात आले. पुढे बर्कलेच्या संशोधकांनी या नोंदी तपासल्या. एकूण २,६६८ इलेक्ट्रोडपैकी ३४७ इलेक्ट्रोड संगीताला प्रतिसाद देत होते. त्या सिग्नलवरून संगणकाने गाणे पुन्हा तयार केले. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होता, पण गाणे ओळखू येत होते. हा अभ्यास २०२३ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाला.

संगीताला दोन्ही बाजू प्रतिसाद देत होत्या, मात्र उजवीचा वाटा जास्त होता. कानाच्या वरच्या अंगाला असलेल्या टेम्पोरल लोबमधील उजवीकडचा डेटा वगळला की गाणे जास्त बिघडत होते. गिटारच्या लयीला प्रतिसाद देणारा एक भागही उजवीकडेच सापडला.

मग डावी बाजू काय करते?

कॅनडातील मॉन्ट्रियलमध्ये ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ मध्येच दाखवले होते, की उजवा टेम्पोरल लोब काढलेल्या रुग्णांना सुरावट लक्षात ठेवणे आणि आवाजाचा पोत ओळखणे जड जाते. १९९८ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या ६५ रुग्णांच्या अभ्यासातून चित्र आणखी स्पष्ट झाले. चाल वर जाते की खाली आणि दोन सुरांमधले अंतर नेमके किती, ही दोन वेगळी कामे आहेत. उजवीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांना दोन्ही अवघड गेली, तर डावीकडच्यांची अडचण फक्त अंतराची होती. म्हणजे उजवी बाजू चालीचा आराखडा धरते आणि त्याच्या आधाराने डावी बारकावे भरते, असा अर्थ लावला जातो.

शस्त्रक्रियेपूर्वीची ‘वाडा टेस्ट’ही बोलकी आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत औषध सोडून त्याची एक बाजू काही मिनिटे झोपवतात. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा चाचण्यांत उजवी बाजू झोपल्यावर रुग्ण बऱ्यापैकी बोलत होते, पण गाताना सूर हरवत होते.

रुग्ण गायक असेल तर?

इथे खरी पंचाईत आहे. संगीताचे शिक्षण घेतलेल्यांच्या मेंदूत डाव्या बाजूचा सहभाग वाढतो, असे काही प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे ‘संगीत उजवीकडे’ हा ठोकताळा त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी भाषा आणि स्मरणशक्ती तपासतात, संगीत सहसा तपासत नाहीत. गाण्या-वाजवण्यावर पोट असलेल्या रुग्णाने हे डॉक्टरांना आधीच सांगितलेले बरे.

काही मोजक्या रुग्णांना तर संगीत ऐकूनच फिट येते, काहींना एखाद्या ठरावीक गाण्यानेच. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ मॅकडोनल्ड क्रिचली यांनी १९३७ मध्ये या प्रकाराला ‘म्युझिकोजेनिक एपिलेप्सी’ हे नाव दिले. अशा फिटचा उगमही बहुतेकदा टेम्पोरल लोबमध्ये आणि जास्त करून उजवीकडे सापडतो.