सूर आणि वेदना

मिरज शहर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. तेथे सतारी व तंबोरे तयार होतात; किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ तेथेच राहत असत. तसेच १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे रुग्णालय सुरू केले. संगीत आणि शस्त्रक्रिया यांचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. पण तो आहे.

शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीमुळे वेदना कळत नाही. भूल उतरली, की जखम ठणकू लागते. रुग्ण खोल श्वास घ्यायला, खोकायला, चालायला भितो. त्यामुळे बरे होण्यास उशीर लागतो.

जखम शरीरावर असते; पण वेदनेची जाणीव मेंदूला होते. मन घाबरले, की वेदना अधिक जाणवते. मन आवडत्या सुरांत रमले, की ती सौम्य वाटते. २०१५ साली इंग्लंडमधील संशोधकांनी सुमारे ७,००० रुग्णांवर झालेल्या ७३ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. संगीत ऐकणाऱ्या रुग्णांची वेदना व चिंता कमी झाली. वेदनाशामक औषधेही कमी लागली.

मात्र संगीत हे औषधाचे सोबती आहे. त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत. वेदना एकाएकी वाढली, तर परिचारिकेला लगेच सांगावे. आवाजही मंद ठेवावा. शेजारच्या रुग्णाला झोप हवी असते.

मुरुमहून सोलापूरच्या दवाखान्यात आजोबांना भेटायला जाल, तेव्हा फळांबरोबर त्यांच्या आवडीची कव्वालीही घेऊन जा.